जुना फ्रिज विकला, आता कर लागणार का?

गेल्या महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, चहा आला आणि आमच्यातली एक ताई हळूच म्हणाली, "मी घरातला जुना फ्रिज मोबाईलवर फोटो टाकून साडेचार हजाराला विकला. पैसे खात्यात आले. शेजारीण म्हणते, आता तुझं नाव आयकरात जाणार आणि लाडक्या बहिणीचे दीड हजार बंद होणार. खरं का हो?"

काही जणी हसल्या. पण मग एकीने पाळणा विकला होता, एकीने मुलाची सायकल. हसू थांबलं. आम्ही तालुक्याला जाऊन कर सल्लागारांकडे बसलो, नीट विचारून घेतलं. तेच आज सांगतो आहोत.

आधी त्या ताईचं उत्तर. घरात वापरलेला फ्रिज, कपाट, पलंग, कपडे, भांडी, मोबाईल विकून आलेल्या पैशांवर आयकर नाही. आयकर कायद्यात स्वतःच्या वापरातल्या अशा वस्तू करपात्र मालमत्तेतून वगळलेल्या आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली, तरी ही सवलत कायम आहे. आणि खरं पाहिलं तर पंधरा हजाराचा फ्रिज साडेचार हजाराला गेला, यात कमाई कुठली? खात्यात आलेला प्रत्येक रुपया म्हणजे उत्पन्न नव्हे. आजीचा पाणी तापवायचा हंडा पितळेचा भाव वाढल्याने चांगल्या पैशांना गेला, तरी तो घरच्या वापरातलाच. त्याला कर नाही.

दागिने मात्र या सवलतीत येत नाहीत. सोनं तर नाहीच, चांदीचे पैंजणसुद्धा नाहीत. दागिना विकून जो नफा होतो तो उत्पन्नात धरतात. दोन वर्षांहून जास्त काळ जवळ असलेल्या दागिन्याच्या नफ्याला साडेबारा टक्के दर आहे. आईने दिलेला असेल तर आईने घेतला तेव्हाची किंमत धरून नफा काढतात. म्हणून सोनाराची जुनी पावती फेकू नका, लग्नाच्या पत्रिकेबरोबर ठेवून द्या.

आता जिथे गोंधळ होतो ती गोष्ट. घरातली जुनी वस्तू विकणं वेगळं आणि विकण्यासाठी जुनी वस्तू विकत घेणं वेगळं. दुसरा झाला धंदा, मग माल नवा असो की वापरलेला. समजा एखादी बाई शहरातून ६० रुपयांना एक अशा ४०० जुन्या साड्या आणते, धुऊन इस्त्री करते आणि १५० रुपयांना एक अशा मोबाईलवरून विकते. विक्री झाली ६० हजार. साड्यांचे २४ हजार, साबण, कोळसा, पिशव्या, पाठवणी आणि कंपनीचं कमिशन मिळून १४ हजार. तिचं उत्पन्न २२ हजार, ६० हजार नव्हे. पण हे २२ हजार कोण सांगणार? वहीच सांगणार. वही नसेल तर बँकेच्या पासबुकात फक्त ६० हजार दिसतात.

एका ओळखीच्या घरी असंच घडलं. मुलगा जुने मोबाईल घ्यायचा, दुरुस्त करून ऑनलाईन विकायचा. खातं उघडलं आईच्या आधार आणि पॅनवर, कारण तिचं खातं चालू होतं. वर्षाची विक्री सात लाखांवर गेली. आईने त्यातला एक मोबाईलही पाहिला नव्हता! विक्री करून देणाऱ्या कंपनीचा नियम असा आहे: वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल, तर ती कर कापत नाही. पाच लाखांवर गेली की विक्रीवर ०.१ टक्का कापून सरकारकडे भरते. पॅन-आधार काहीच दिलं नसेल तर ५ टक्के, म्हणजे दहा हजारामागे पाचशे. हा कर कापला की विक्रीचा आकडाही ज्याच्या पॅनवर खातं, त्याच्या नावावर आयकराच्या पोर्टलवर चढतो. तो आकडा विक्रीचा असतो, नफ्याचा नसतो. मुलाच्या हातात राहिले असतील साठ-सत्तर हजार. आईच्या नावापुढे लागले सात लाख.

भीती वाटते ती इथे. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात कोणी आयकरदाता नको. पीएम किसानमध्येही मागच्या वर्षी आयकर भरलेल्याला हप्ता मिळत नाही. उद्या चौकशी झाली तर त्या माऊलीने काय दाखवायचं? त्या घरी मग सल्लागाराने मोबाईल खरेदीच्या पावत्या गोळा करायला लावल्या. निम्म्या मिळाल्या. मुलाने आता स्वतःच्या पॅनवर खातं काढलंय. आमचं मत स्पष्ट आहे: ज्याचा धंदा त्याचंच पॅन. पोरगा कितीही गोड बोलला तरी.

विवरणपत्र कधी भरायचं? २०२५-२६ या वर्षासाठी नव्या कर पद्धतीत उत्पन्न चार लाखांवर गेलं की भरावं लागतं. मात्र धंद्याचं उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर कर शून्य येतो. उत्पन्न चार लाखांच्या आत असूनही कंपनीने कर कापला असेल, तर विवरणपत्र भरूनच तो परत मिळतो. सल्लागाराचे पाचशे रुपये जातात, पण कापलेला कर जास्त असेल तर परवडतं.

जीएसटीचं थोडक्यात. घरचा फ्रिज विकणं हा धंदा नाही, तिथे जीएसटी येत नाही. जुन्या मालाचा धंदा असेल आणि ऑनलाईन कंपनीमार्फत फक्त महाराष्ट्रातच माल पाठवत असाल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना पूर्ण नोंदणीची गरज नाही. पॅनवर एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कंपनीमार्फत परराज्यात माल पाठवायचा झाला तर नोंदणी लागते.

याच गोष्टीचा फायदा घेणारे भामटेही आहेत. "फ्रिज घेतो, पण आधी जीएसटीचे आठशे पाठवा, मग सगळे एकदम देतो," असा फोन आमच्या एका सदस्येला आला होता. विकणाऱ्याने घेणाऱ्याला पैसे पाठवायचे नसतात. पैसे आपल्या खात्यात येण्यासाठी पिनही टाकावा लागत नाही.

पुढच्या बैठकीला ज्या ऑनलाईन विकतात त्यांनी एक दोनशे पानी वही आणावी. तारीख, काय घेतलं, कितीला, काय विकलं, कितीला, कमिशन किती, एवढे रकाने आम्ही आखून देऊ. घरातली वस्तू विकली असेल तर ती शेवटच्या पानावर वेगळी लिहायची, फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवायचा. फ्रिजवाल्या ताईने तिचं पान तिथेच बसून लिहिलं. साडेचार हजारांतले दोन हजार तिने कर्जाच्या हप्त्यात भरले, तेही तिने खाली लिहून ठेवलंय.