बेल्जियमचं माप, भिवंडीची कंबर

भिवंडीत जिम चालवते म्हटलं की ठाण्या-मुंबईकडची माणसं विचारतात, "तिथे कोण येतं?" सगळे येतात. आगरी-कोळ्यांची पोरं येतात, मोमीन आणि कोकणी मुसलमान घरांतली येतात, पद्मशाली येतात, गोदामांत माल चढवणारे येतात. भिंतीवरच्या पोस्टरातला गोरापान, सहा फुटी, तेल चोपडलेला गडी मात्र आजवर एकदाही आलेला नाही. तो मी उतरवला. शेजारचा बीएमआयचा तक्ता जास्त चिवट. त्याला शास्त्राचा मान असतो ना!

यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून एखादा तरुण येतो. उंची 165 सेंटीमीटर, वजन 65 किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय आला 24 च्या आसपास. जगभर टांगलेल्या तक्त्यात 25 पर्यंत सगळं हिरवं. "दीदी, मैं तो फिट हूँ ना?" मी टेप लावते. दंड बारीक, पाय बारीक आणि कंबर 94 सेंटीमीटर.

बीएमआयचं हे गणित मांडलं बेल्जियमच्या अॅडॉल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञाने, 1830 च्या दशकात. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. एकेकाची तब्येत तपासणं हा त्याचा हेतूच नव्हता. 1972 मध्ये अमेरिकेच्या अॅन्सेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांवर ते पडताळलं आणि त्याला बीएमआय हे नाव दिलं. त्या पाचांत भारत नव्हता. बाया तर नव्हत्याच.

हा घोळ साऱ्या जगाला नीट दाखवला तो पुण्याने. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं तपासली, तेव्हाही हेच दिसलं. इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजन कितीतरी कमी, पण स्नायू जितके घटलेले तितकी चरबी घटलेली नाही. म्हणून आपल्याकडे अंगाने बारीक माणसालाही मधुमेह गाठतो.

यावरून 'आपलं रक्तच कमअस्सल' असं कुणी म्हणू नये. याज्ञिकांच्या संशोधनाचा रोख आईच्या पोषणाकडे आहे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी राहण्याकडे आहे. भिवंडीत त्यावर रात्रपाळी, दाटीवाटीची खोली आणि खानावळीतला भात-बटाटा यांची भर पडते.

भारतीयांसाठी वेगळी मापं ठरलेली आहेत. बीएमआय 23 ला सावध व्हायचं, 25 म्हणजे लठ्ठपणा. कमरेची मर्यादा पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80. अमेरिकेच्या तक्त्यात हेच आकडे 102 आणि 88 आहेत. म्हणजे आमचा 94 वाला तिकडे पास, इकडे नापास. उलट कसलेला पैलवान बीएमआयवर लठ्ठ ठरतो, कारण वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही.

बीएमआय पार टाकून द्या, असं मी म्हणत नाही. आपला आकडा लावा आणि सोबत कंबर मोजा. टेप नसेल तर सुताला भिवंडीत काय तोटा? आपल्या उंचीएवढा धागा घ्या, दुमडून निम्मा करा. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, तो पोटाभोवती फिरवा. टोकं जुळली नाहीत, तर डॉक्टरांकडे साखर तपासून घ्या.

माप बदललं तरी जिमचं दार सगळ्यांना उघडं होतंच असं नाही. पंधरवड्याने पगार घेणारा माणूस वर्षाची फी एकदम कुठून भरणार? मी पंधरवड्याची फी ठेवली. पाळी सुटते तेव्हा दार उघडं हवं, म्हणून पहाटे लवकर उघडते. दुपारी फक्त बायकांची बॅच, काचांना पडदा, शिकवणारीही बाईच. बुरखा काढून ठेवणारी आणि नऊवारीतली अशा दोघी शेजारी-शेजारी बैठका मारतात. दंगलींनी ओळखल्या गेलेल्या गावात याचं मोल मला ठाऊक आहे. आहारात ओट्स-ब्रोकोली लिहून देत नाही. भात थोडा कमी, मसूर, चणे, अंडी, सुकट.

हे कुणावर उपकार म्हणून करत नाही. या गावाच्या अंगाचं माप आणि या गावाच्या कामाची वेळ ज्या जिमला माहीत नाही, तिने कितीही भारी मशिनं आणली, तरी ती पोस्टरातल्या गड्यासाठीच चालते.