कारखान्याला प्लॉट, कामगाराला गुंठा

१९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहू लागली, तिच्यासोबत कामगारांची वसाहतही आली. सरकारी कारखान्याने घराचा विचार केला होता. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, भोसरी-चिंचवडच्या शेतांत प्लॉट पडले, टेल्कोसारखे कारखाने आले. रस्ता, वीज, पाणी कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचलं. कामगाराने कुठे राहायचं, हे त्याचं त्याने पाहायचं होतं.

ही उणीव भरायला १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आलं. निगडी-आकुर्डीत शेतजमिनी घेऊन पेठा आखल्या, रुंद रस्ते आणि बागा झाल्या. घरं मात्र गरजेच्या मानाने फारच कमी. पुढे त्या पेठांतल्या प्लॉटचे भाव असे चढले, की ज्याच्या नावाने योजना निघाली तो कामगार तिथे पाहुणाच ठरला. जमीन दिलेल्या शेतकऱ्यांचीही गत तीच. १९८४ पूर्वी जमिनी गेलेल्यांची साडेबारा टक्के जमीन परताव्याची मागणी तशीच भिजत असताना २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित झालं.

दरम्यान, पेठांत घर न मिळालेल्यांसाठी थेरगाव, काळेवाडी, रहाटणीत गुंठ्यांचे व्यवहार झाले. अर्ध्या-एक गुंठ्यावर, भिंतीला भिंत लावून घरं चढली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १० लाखांवरून १७ लाखांवर गेली; ती सामावून घेतली बरीचशी या गल्ल्यांनीच. बक्षीस काय मिळालं? ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामाला मिळकतकराच्या दुप्पट शास्तीकर. तो २०२३ मध्ये माफ झाला, पण गल्ली रुंद झाली नाही. अग्निशमनाचा बंब आजही तोंडाशीच थांबतो.

पिंपरीत निदान प्राधिकरण तरी होतं. चाकणला मोठे वाहन उद्योग आले, नगरपरिषद मात्र २०१५ साली झाली. महाळुंगे, खराबवाडी, कुरुळीत शेतकऱ्यांनी बांधलेल्या चाळी हेच तिथलं गृहनिर्माण. कंत्राटी मुलं एका खोलीत चार-पाच जण राहतात. रात्रपाळीचा येतो तेव्हा दिवसपाळीचा अंथरूण गुंडाळतो.

सत्तर वर्षांपूर्वी कारखान्यासोबत वसाहत आली होती. आज कारखान्याच्या आराखड्यात ट्रकच्या पार्किंगची जागा मोजून दाखवलेली असते. कामगाराच्या खाटेची नसते.