कुड्याच्या सालीतलं औषध वेगळं कसं काढतात?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात फिरलेल्यांना पांढरा कुडा ठाऊक असतो. आव-अतिसारावर त्याची साल पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. कुटजारिष्ट याच सालीचं. तिच्यातलं कोनेसीन हे अल्कलॉइड 1858 साली मुंबईत हेन्स यांनी वेगळं काढलं. अडचण अशी, की काळ्या कुड्याची सालही याच नावाने खपते, आणि साल कुटली की डोळ्यांना फरक कळत नाही. मग रोग्याच्या पोटात औषध गेलं की नुसता भुसा, हे ठरवायचं कसं? त्यासाठी आधी मिश्रण सोडवावं लागतं.

सालीत मुख्यतः तीन गट धरू. मेद-मेण उदासीन, टॅनिन आम्लधर्मी, आणि नायट्रोजन असलेलं कोनेसीन आम्लारी. युक्ती एकच: रेणूवर विद्युतभार आला की तो पाण्यात रमतो, भार गेला की ईथरसारख्या द्रावकात जातो. आणि भार देणं-काढणं आपल्या हातात आहे.

पावडर अमोनियाने ओली करून ईथर घालू. टॅनिन भार घेऊन पाण्याशी राहतं; कोनेसीन आणि मेद ईथरमध्ये येतात. हा ईथर सेपरेटिंग फनेलमध्ये विरल हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर हलवू. आता कोनेसीन क्षार बनून पाण्यात उतरतं, मेद वर ईथरमध्येच राहतो. थर वेगळे केले, की पाण्याच्या थरात पुन्हा अमोनिया. भार गेला, पाणी गढूळ झालं! ताज्या ईथरने ते उचलायचं आणि ईथर उडवायचा. उरतात ती अल्कलॉइडं.

दोन चुका नेहमी होतात. ईथर पाण्यावर तरंगतो, पण क्लोरोफॉर्म तळाशी बसतो. म्हणून काम संपेपर्यंत कुठलाच थर फेकू नका. शंका आली तर पाण्याचा थेंब टाका, तो ज्या थरात मिसळेल तो पाण्याचा. दुसरं, हलवताना दाब साठतो, मधूनमधून तोटी उघडून तो सोडा. ईथर झटकन पेट घेतो, तेव्हा हे घरी करायचं काम नव्हे.

आता विचाराल, हाती आलेलं कोनेसीनच कशावरून? बरोबर आहे, इथवर फक्त आम्लारी गट हाती आला. शुद्ध कोनेसीनशेजारी ठेवून थिन लेअर क्रोमॅटोग्राफी केली, की ओळख पटते.

एवढा खटाटोप कशाला? बुंध्याची साल सगळीकडून गोल सोलली तर झाड वाळतं. चुकीच्या सालीपायी रोगीही बरा होत नाही, आणि झाडही जातं.