पऱ्हाटीपासून प्लास्टिकसारखी फिल्म बनते, मग ती बाजारात का दिसत नाही?

जानेवारी-फेब्रुवारीत सिल्लोड, फुलंब्री, पैठणकडं गेलात, तर एखाद्या तरी शेतातून धूर निघताना दिसतोच. कापूस वेचून झालेला असतो आणि उरलेली पऱ्हाटी पेटवलेली असते. यात शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. पऱ्हाटी शेतात उभी ठेवली, तर उरल्यासुरल्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी मुक्काम ठोकते आणि पुढच्या हंगामात पुन्हा हजर होते. म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी काढून टाका, असं कृषी विभागच सांगतो.

काढायची, पण टाकायची कुठं? प्रयोगशाळांकडं याचं एक उत्तर आहे. पऱ्हाटी वापरून प्लास्टिकसारखी पातळ फिल्म बनवायची, म्हणजेच पॉलिमर कंपोझिट फिल्म.

नाव जड आहे, पण कल्पना आपल्या वेरूळमध्येच सापडते. २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्यातल्या रसायनतज्ज्ञानं आणि इथल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञानं लेण्यांमधल्या मातीच्या गिलाव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या गिलाव्यात भांगेचं झाड मिसळलेलं निघालं. हो, तीच भांग! नुसती माती वाळली की तडकते, आत तंतू असले की ते तिला धरून ठेवतात. दोन वेगळ्या वस्तू एकत्र आणून तिसरीच मजबूत वस्तू तयार करणं, याला कंपोझिट म्हणतात.

आता मातीच्या जागी स्टार्च किंवा पीएलएसारखा पॉलिमर घ्या आणि भांगेच्या जागी पऱ्हाटीतलं सेल्युलोज. पऱ्हाटी बारीक करून अल्कलीत शिजवतात, म्हणजे तिला कडकपणा देणारं लिग्निन सुटं होतं. उरलेलं सेल्युलोज ब्लीच करून अगदी सूक्ष्म केलं जातं, पॉलिमरच्या द्रावणात मिसळलं जातं आणि पातळ थरात ओतून वाळवलं जातं. गंमत म्हणजे बाजूला काढलेलं लिग्निनही वाया जात नाही. ते सूर्याची अतिनील किरणं अडवतं, त्यामुळं थोडं लिग्निन मिसळलं की फिल्म तपकिरी होते, पण आतल्या मालाला उन्हापासून वाचवते.

हे फक्त कागदावर नाही. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसावर काम करणारी सिरकॉट ही संस्था आहे. तिनं पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवून दाखवलेत, शिवाय आठ तासांच्या पाळीत १० किलो नॅनोसेल्युलोज बनवणारा प्रायोगिक प्रकल्पही उभारलाय. आता १० किलो म्हणजे किती, तर एका बैलगाडीभर पऱ्हाटीपुढंही काहीच नाही.

मग अडतंय कुठं? एक तर पाण्यावर. स्टार्चची फिल्म ओलावा लगेच शोषते आणि सेल्युलोज काढताना धुवायलाही भरपूर पाणी लागतं. मराठवाड्यात हा खर्च साधा नाही.

दुसरी मेख जास्त महत्त्वाची आहे. फिल्ममध्ये पऱ्हाटी आहे म्हणून ती कुजेलच असं नाही. तंतू पॉलिथिनमध्ये मिसळले असतील तर पॉलिथिन तसंच राहतं, आणि अशी भेसळ झालेली फिल्म रिसायकल करणं आणखी अवघड. पीएलए कुजतं, पण त्याला साधारण ६० अंश तापमानाचा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो, आपला उकिरडा नाही. या शहराला हे वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक झाली आणि कचरा कितीतरी दिवस रस्त्यावर पडून होता. त्यामुळं पिशवीवर नुसतं हिरवं पान छापलेलं असेल तर भुलू नका. ‘कंपोस्टेबल’ म्हणायला आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक पाळावं लागतं आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं.

आणि शेवटी पैसा. पऱ्हाटी हलकी आणि फुगीर, त्यामुळं ट्रॉली भरते पण काट्यावर वजन भरत नाही. उपटायची मजुरी वेगळी, वाहतूक वेगळी. दुसरीकडं श्रेडरनं कुट्टी करून तीच पऱ्हाटी कुजवली आणि शेतात टाकली, तर जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो. फिल्मवाल्यांना शेतकऱ्याला द्यावा लागणारा भाव या खतापेक्षा जास्त असायला हवा, नाहीतर तो ट्रॉली कशाला भरेल?