बिंदूभोवतीच्या क्षेत्रव्याप्तीचे मापन : खारपाणपट्ट्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. येथील भूजल क्षारयुक्त असल्याने पिण्यास व ओलितास बहुधा निरुपयोगी ठरते. नकाशावर गाव हा केवळ एक बिंदू असतो. तो पट्ट्याच्या सीमारेषेबाहेर पडला की गाव खारपाणमुक्त गणले जाण्याचा धोका असतो. त्याच गावाच्या विहिरी व शिवार मात्र पट्ट्यात असू शकते. म्हणून गावाभोवतीचा किती टक्के भाग पट्ट्यात येतो, हे मोजणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात त्याची पद्धती स्पष्ट केली आहे.

पद्धती :
क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे मापन चार टप्प्यांत होते.

१) प्रक्षेपण : २१ उत्तर अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ कि.मी., तर अक्षांशाचा सुमारे १११ कि.मी. भरतो. त्रिज्या अंशांत घेतल्यास जमिनीवर वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ मिळते. यास्तव दोन्ही स्तर मीटर एककाच्या यूटीएम विभाग ४३ मध्ये आणावेत. अमरावती जिल्ह्याचा वरुडकडील भाग ७८ अंश रेखांशापलीकडे, विभाग ४४ मध्ये जातो, याचे भान ठेवावे.

२) विलयन : परस्परांवर आलेले बहुभुज एकत्र करावेत, अन्यथा तेच क्षेत्र दोनदा मोजले जाऊन व्याप्ती शंभर टक्क्यांवर जाऊ शकते.

३) बफर : २ कि.मी. त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सूत्रानुसार १२.५७ चौ.कि.मी. येते. सॉफ्टवेअर मात्र वर्तुळाऐवजी बहुभुज काढते. पाव वर्तुळास ५ रेषाखंड घेतल्यास क्षेत्रफळ १२.३६ चौ.कि.मी. भरते. भागाकारात हेच मोजलेले क्षेत्र घ्यावे.

४) छेदन : बफर व पट्टा यांचा सामाईक भाग काढावा. उदाहरणादाखल तो ७.४२ चौ.कि.मी. मानल्यास व्याप्ती ६० टक्के येते.

चर्चा :
त्रिज्या बदलली की टक्केवारी बदलते. त्यामुळे त्रिज्येच्या निवडीचे कारण नमूद करून किमान दोन त्रिज्यांचे निष्कर्ष द्यावेत. वर्तुळ म्हणजे शिवार नव्हे. शिवारसीमेचा नकाशा उपलब्ध असल्यास तोच वापरणे श्रेयस्कर. शिवाय नकाशावरील रेषा ठळक असली तरी भूजलाची क्षारता खोली व ऋतूनुसार बदलते. म्हणून विहिरींच्या पाणीपरीक्षणाची जोड अनिवार्य आहे.

निष्कर्ष :
'आत की बाहेर' या वर्गीकरणापेक्षा व्याप्तीची टक्केवारी सीमेवरील गावांना अधिक न्याय देते. मात्र त्रिज्या, प्रक्षेपण व सीमारेषेचा आधार नमूद केल्याशिवाय ती टक्केवारी ग्राह्य धरू नये.