सुख-दुःख विचार : संहितांच्या आधारे

चिकित्सालयात येणारा रुग्ण आपली व्यथा ‘दुखते’ या क्रियापदाने सांगतो. ते शमले की ‘आता सुख वाटते’ असे म्हणतो. व्यवहारातील या साध्या बोलण्यामागे आपल्या शास्त्राचा मूळ सिद्धांत दडलेला आहे. आचार्य चरकांनी धातुसाम्याला आरोग्य म्हटले आणि त्या आरोग्यालाच ‘सुख’ अशी संज्ञा दिली. विकार म्हणजेच दुःख. परंतु सर्व तपासण्या निर्दोष येऊनही ज्याला सुख लाभत नाही, असा रुग्ण समोर बसतो तेव्हा या सूत्राचा पुनर्विचार करणे आम्हास अगत्याचे वाटते.

न्यायशास्त्रानुसार आपणास जे अनुकूल भासते ते सुख व जे प्रतिकूल भासते ते दुःख. दोन्ही आत्म्याचे गुण होत. सांख्यांनी आध्यात्मिक, आधिभौतिक व आधिदैविक अशा त्रिविध दुःखाच्या निवृत्तीपासूनच आपल्या शास्त्राचा आरंभ केला. सुश्रुताचार्यांनीही हे त्रैविध्य स्वीकारून व्याधींचे वर्गीकरण केले. ज्याच्या संयोगाने पुरुषास दुःख होते तो व्याधी, ही त्यांची व्याख्या सर्वपरिचित आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील पहिल्या अध्यायात सुख-दुःखाची उत्पत्ती अधिक सूक्ष्मपणे मांडली आहे. आत्मा, मन, इंद्रिये व विषय यांच्या संनिकर्षाने सुख-दुःख उत्पन्न होते. त्यातून इच्छा व द्वेष या रूपाने तृष्णा निर्माण होते आणि हीच तृष्णा पुढील सुख-दुःखाचे कारण ठरते. रेशमाचा किडा स्वतःच्याच तंतूंनी स्वतःला कोंडून घेतो, तसा मनुष्य विषयांतून तृष्णा निर्माण करून त्यात अडकतो, हा दृष्टांत तेथेच आला आहे. मन आत्म्याच्या ठायी स्थिर झाले म्हणजे हे चक्र थांबते. म्हणून योग व मोक्ष या अवस्थांत सर्व वेदनांची निवृत्ती सांगितली आहे.

सर्वच सुख ग्राह्य नसते, हेही लक्षात घ्यावयास हवे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन भेद आहेत. आरंभी विषासारखे पण परिणामी अमृतासारखे ते सात्त्विक. आरंभी अमृतासारखे व परिणामी विषासारखे ते राजस. निद्रा, आलस्य व प्रमाद यांतून उपजणारे ते तामस. प्रमेहाच्या रुग्णास पथ्य समजावताना हा विवेक आपण रोजच सांगत असतो, केवळ त्यास गीतेचे नाव देत नाही. सुश्रुतांनी तर मानस व्याधींच्या गणनेत क्रोध, शोक, भय यांच्यासमवेत ‘हर्ष’ही घेतला आहे. मर्यादा ओलांडलेला हर्षसुद्धा मनाचे साम्य बिघडवतो. चरकांनी सुखायु व हितायु यांचे स्वतंत्र वर्णन केले, त्याचेही मर्म हेच असावे. बल, धन व भोग यांनी युक्त आयुष्य सुखकर असेल, तथापि ते हितकर असेलच असे नाही.

येथे एक धोका नमूद करणे आवश्यक वाटते. ‘सर्व दुःखाचे मूळ प्रज्ञापराध’ हे सूत्र कित्येकदा रुग्णावर दोषारोप म्हणून वापरले जाते. एका शोकाकुल मातेस ‘तुमचेच कर्म’ असे कोणी वैद्याने ऐकवल्याचे आमच्या कानी आले, तेव्हा आम्हास लज्जा वाटली. संहितांत आगंतुक, जन्मबलप्रवृत्त, कालबलप्रवृत्त व स्वभावबलप्रवृत्त असेही व्याधी आहेत. क्षुधा, जरा व मृत्यू हे स्वाभाविक होत. ते अपराधाचे फळ नव्हे. प्रज्ञापराधाचा सिद्धांत धी, धृती व स्मृती पुन्हा सावरण्यासाठी आहे, निवाडा देण्यासाठी नाही.

मग चिकित्सा काय? चिंता, शोक, भय व क्रोध यांच्या योगाने मात्रेत घेतलेले पथ्य अन्नही पचत नाही, असे विमानस्थानात स्पष्ट म्हटले आहे. अतिचिंतनाने रसवह स्रोतसांची दुष्टी होते. म्हणून अग्निमांद्य व निद्रानाश यांच्या इतिहासात ‘घरी काही घडले का?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. युक्तिव्यपाश्रय चिकित्सेस सत्त्वावजयाची जोड द्यावी. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी ही मानस दोषांवरील औषधे वैद्याच्या वाणीतूनच दिली जातात. रुग्णाचे बोलणे पूर्ण ऐकून घेणे हीच त्यांची पहिली मात्रा होय.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. निद्रेसाठी वा ‘मन प्रसन्न राहावे’ म्हणून तेच ते मेध्य औषध महिनोन्महिने नेणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. जीवन नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवल्यास वैद्य व विक्रेता उभयतांनी त्यास एकटे सोडू नये. आप्तांना कळवून विनाविलंब मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. यात आपल्या शास्त्राचा कमीपणा नाही. साध्यासाध्यतेचा विवेक हे वैद्याचे भूषणच होय.

मोक्षरूप अनंत सुख देणे आपल्या हाती नाही. रुग्णाच्या दुःखात भर पडू न देणे आणि जे शमवता येईल ते निष्ठेने शमवणे, एवढे मात्र निश्चितच आहे. इत्यलम्.