हिशेबाच्या संगणकावर दूरचा पहारा

नागझिऱ्याच्या जंगलात वाघांच्या नोंदीसाठी झाडांना स्वयंचलित कॅमेरे बांधतात. फोटो आपोआप निघतो, पण सहसा तो पाहण्यासाठी कोणीतरी जाऊन कार्ड काढून आणावे लागते. गोंदियाकडच्या भात गिरणीत हिशेबासाठी लिनक्स संगणक ठेवला, तर त्याचेही असेच होते. डिस्क भरत आल्याचे यंत्राला ठाऊक असते. मालकाला ते कळते बिल अडकल्यावर!

यावर उपाय 'एजंट' (दलाल नव्हे). हा छोटा प्रोग्रॅम डिस्क, मेमरी यांची खबर मुख्य यंत्राला देतो. २००१ साली खुला झालेला लॅटव्हियाचा 'झॅबिक्स' फुकट मिळतो. तो टाकणे सोपे. खरे काम पुढेच आहे.

एका पद्धतीत मुख्य यंत्र १००५० क्रमांकाच्या पोर्टवर येऊन एजंटला विचारते. बाहेरून थेट पोहोचता न येणाऱ्या इंटरनेट जोडणीवर ती चालत नाही. म्हणून 'सर्व्हरॲक्टिव्ह' या ओळीत मुख्य यंत्राचा पत्ता लिहावा, असे आम्ही सुचवू. मग एजंट स्वतःच १००५१ वर खबर पाठवतो. 'होस्टनेम' मात्र दोन्हीकडे तंतोतंत एकच हवे.

लाईन तुटली तर? 'एजंट २' नोंदी डिस्कवर साठवू शकतो. ती सोय मुद्दाम चालू करावी लागते. मुदत न लिहिल्यास तासाभराच्याच नोंदी राहतात. दिवसदिवस लाईन जाते तिथे मुदत वाढवावी.

खबर उघडी जाऊ नये म्हणून सांकेतिक किल्लीही घालावी. आणि यंत्रच बंद पडले तर एजंट काय बोलणार? म्हणून खबर येणे थांबताच इशारा मिळेल, अशी व्यवस्था मुख्य यंत्रावर आधी करावी.